ढोळ उडालेला आजोबांचा रेझर: बफ मारण्याआधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मांजलपूरच्या एका तरुणाला आजोबांच्या ट्रंकेत मखमलीच्या डबीत ठेवलेला जिलेटचा तीन भागांचा (टोपी, पट्टी, दांडी) सोनेरी रेझर मिळाला. त्याने फोटोही पाठवलेत. टोपीवरचं आणि दांडीच्या मधल्या भागाचं सोनं गेलंय, खालून पिवळट-तपकिरी धातू दिसतो, आट्यांमध्ये हिरवं साचलंय. एक पॉलिशवाला म्हणतो, ‘बफ मारून निकल करून देतो, नवाच वाटेल.’ त्याला रेझर रोज वापरायचा आहे. करून घ्यावं का, आणि तोपर्यंत उघडं पितळ गालाला लागलं तर काही अपाय होईल का? आणि रेझर कधीचा असेल?

माझं उत्तर आधीच सांगतो, मग कारणं. आत्ता बफ, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर घासणं, नको, निकलही नको. नीट साफ करा, ब्लेड सरळ बसतं का ते तपासा आणि महिनाभर वापरा. त्यानंतरही ढोळ चढवावा असं वाटलं तर करू. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मी तीसेक वर्षं प्लेटिंगचं काम केलं. तेव्हा हा सल्ला देणं म्हणजे आमच्याच धंद्यावर पाणी सोडणं आहे, पण इलाज नाही. (ढोळ म्हणजे मुलामा. आम्ही बडोद्याचे मराठी लोक हा गुजराती शब्द इतका वापरतो की पुण्याचे नातेवाईक हसतात.)

तुम्ही ‘ढोळ गेला, आता काय’ असं विचारलंय. रेझरच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळा असतो. रेझर म्हणजे ब्लेडला ठरावीक वाक देऊन धरणारा एक शिकंजा. ब्लेडची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर. टोपीचा घुमट त्याला वाकवतो, खालची पट्टी त्याला दाबते आणि ब्लेडची धार पट्टीच्या कडेपासून किती बाहेर डोकावते यावर दाढी गुळगुळीत होणार की गाल सोलणार हे ठरतं. ही सगळी मापं मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागात आहेत. चांगल्या निकलचा थर दहा-वीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यावरचा शोभेचा क्रोम तर एका मायक्रॉनच्याही आत. तो आला काय नि गेला काय, दाढीला कळत नाही. पण बफवाल्याने खड्डे घालवायला चाक जरा जोरात धरलं की तो शंभर मायक्रॉन धातू सहज उडवतो. म्हणजे ब्लेडच्या जाडीएवढा. आणि उडवतो तोही कडांवरून, कारण बफचं कापडी चाक कडांनाच आधी खातं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. धंदा सुरू केला त्या काळात आमच्या दांडिया बाजारच्या काकांचा रेझर मी कौतुकाने फॅक्टरीत नेला. त्यांनी मागितलाही नव्हता. माझ्याच बफवर, माझ्याच देखरेखीखाली तो घासला, निकल केला, वर क्रोम दिला. आरशासारखा झाला. दांडीवरची चौकटी जाळी, जिला टर्नर लोक नर्लिंग म्हणतात, ती अर्धी गुळगुळीत झाली होती, पण चमक बघून मला त्याचं काही वाटलं नाही. काकांनी चार दिवस वापरला. साबणाच्या हाताने दांडी फिरायची, आणि पट्टीची एक कड गोल झाल्यामुळे त्या बाजूने ब्लेड जास्त बाहेर यायचं. पाचव्या दिवशी हनुवटीला कागदाचा कपटा चिकटवून ते दारात आले नि म्हणाले, ‘फार सुंदर केलास रे. आता शोकेसमध्ये ठेवतो.’ तो रेझर पुन्हा कधी वापरला गेला नाही. दांडी मी नंतर लेथवर परत नर्ल करून दिली. पट्टीच्या कडेचं मात्र काही करता आलं नाही. गेलेला धातू परत आणता येत नाही.

आता तुमच्या रेझरकडे. सगळ्यात आधी तो कशाचा आहे हे बघा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. जुने जिलेट बहुतेक पितळेचे असतात. काहींची दांडी ॲल्युमिनियमची असते, आणि शुक्रवारच्या जुन्या बाजारात मिळणाऱ्या अनोळखी नकलांची डोकी जस्ताच्या मिश्रधातूची असू शकतात. चुंबकाने फारसं कळत नाही. पितळ, जस्त, ॲल्युमिनियम कोणीच चिकटत नाही, आणि निकलचा थर असला तर चुंबक किंचित ओढ घेतो म्हणून लोक ‘लोखंड आहे’ असं समजतात. त्यापेक्षा घरच्या घरी घनता काढा. सोनाराकडे असतो तसा 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा हवा. टोपी कोरडी तोला. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्य करा, टोपी दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी धरा. काट्यावर जो आकडा दिसेल त्याने कोरड्या वजनाला भागा. समजा टोपी 16.8 ग्रॅम भरली आणि पाण्यात 2.0 दिसले, तर भागाकार 8.4 येतो, म्हणजे पितळ. तेच 2.5 दिसले तर 6.7, म्हणजे जस्ताची मिश्रधातू. 2.7 च्या आसपास उत्तर आलं तर ॲल्युमिनियम. दांडी पोकळ असते, आत हवा अडकते, म्हणून दांडीवर हा प्रयोग फसतो. टोपी आणि पट्टी पुरेत.

जस्त निघालं तर मी स्पष्ट सांगतो, त्यावर पैसे घालू नका. त्याचा ढोळ गेला की धातू आतून फुगतो, फोड येतात. त्यावर पुन्हा थर द्यायचा तर आधी सायनाइडच्या बाथमध्ये तांब्याचा अस्तर-थर द्यावा लागतो. एका नगासाठी हे कोणी मनापासून करत नाही.

आजोबांचा आहे आणि सोनेरी आहे म्हटल्यावर पितळच असेल असं मी धरून चालतो. मग झिजलेल्या जागेचा रंग बघा. खाली पांढुरका राखाडी दिसत असेल तर सोन्याखाली निकल आहे आणि तो शाबूत आहे, काहीच काळजी नाही. मळकट पिवळा म्हणजे पितळ उघडं. गुलाबी-तांबूस डाग असतील तर कोणीतरी आधी आंबट किंवा खारट काहीतरी लावून पितळेतलं जस्त खाऊन टाकलंय, वर तांबं उरलंय. आणखी एक गंमत. सोनेरी रेझरवर बऱ्याचदा पारदर्शक लॅकरचा हात असतो. ते लॅकर पापुद्रे सुटल्यासारखं जागोजागी उडतं, आणि बघणाऱ्याला सोनंच उडालं असं वाटतं. भिंग लावून बघा. डागाची कड पापुद्र्यासारखी तुटक असेल तर बहुधा लॅकर, हळूहळू विरत गेलेली असेल तर सोनं. लॅकर असेल तर थोडं ॲसिटोन कापसावर घेऊन पुसलं की उरलेलं निघतं, आणि खालून अख्खं सोनं निघाल्याचंही मी पाहिलंय. दांडी प्लास्टिकची किंवा बॅकेलाइटची असेल तर तिला मात्र ॲसिटोन लावू नका.

मग तडा शोधा. पातळ पितळी नळीच्या दांडीला उभी केसासारखी चीर जाते, खास करून आट्यांच्या तोंडाशी. दांडी सुकी करून नखाने हळूच ओढून बघा, आणि तिरक्या उजेडात धरा. कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात, आम्हाला धातुशास्त्र शिकवताना याची गोष्ट सांगितली होती, ती याच मातीतली आहे म्हणून लक्षात राहिली. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात हिंदुस्थानात तबेल्यांजवळ साठवली जात आणि पडल्या पडल्या तडकत. न उडवता, न आपटता. ओढून-ताणून आकार दिलेल्या पितळेत ताण शिल्लक राहतो, त्याला घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा मिळाली की धातू कणाकणांमधून फाटतो. तीन संशोधकांनी 1921 मध्ये या प्रकाराचा छडा लावला. काडतुसं तापवून त्यांच्यातला ताण काढून टाकणं हा उपाय. या प्रकाराला सीझन क्रॅकिंग असं नाव पडलं. तुमच्या रेझरच्या दांडीची नळीही तशीच ओढून बनवलेली असते. म्हणून काच पुसायचे फवारे आणि धातूची पॉलिश यांच्या बाटलीवर अमोनिया लिहिलेला असेल तर ते या रेझरपासून लांब ठेवा. तडा सापडलाच तर दांडी बदला, डोकं तेच ठेवा. जिलेटच्या तीन भागांच्या रेझरचे आटे बहुतेक एकमेकांना बसतात.

ब्लेड नीट बसतं का याची परीक्षा साफसफाईनंतर करा, आत्ता घाण मध्ये येईल.

सफाई. रेझर सुटा करा, कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, वीस मिनिटं बुडवून ठेवा. उकळू नका, लॅकर आणि बॅकेलाइट दोन्ही खराब होतात. वर जो राखाडी-पांढरा थर दिसतो तो नुसता साबण नसतो. जड पाण्यातला चुना आणि साबण यांचं मिळून झालेलं चिवट मिश्रण असतं. आपल्याकडे बोअरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांमध्ये बादलीच्या कडेला बसतं तेच. जुन्या मऊ टूथब्रशने ते बरंच निघतं. आट्यांमधला मळ काढायला साबणात भिजवलेला जाड सुती दोरा आट्यांत गुंडाळून पुढे-मागे ओढा. हिरवं असेल तिथे लाकडी टूथपिक वापरा, सुई नको. एवढं करूनही पांढरं उरलं तर एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी, पाच मिनिटं, घड्याळ लावून. लगेच खळखळून धुवा, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, पुन्हा धुवा, पुसून कोरडा करा. दांडी ॲल्युमिनियमची असेल तर तिला व्हिनेगर नको, आणि धुण्याच्या सोड्याचं पाणी तर नकोच, ती काळी पडते.

चिंच, लिंबू-मीठ, रांगोळी, पितळेची भांडी घासायची पावडर हे सगळं तांब्या-पिंपांसाठी ठीक आहे. तिथे धातू चांगला मिलिमीटरभर जाड असतो. सोन्याचं पाणी एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतं, त्याच्यावर पावडर फिरवली की तुम्ही स्वतःच्या हाताने उरलेलं घालवता. टूथपेस्टही नको, तिच्यातही घासणारे कण असतात. अल्ट्रासॉनिक मशीन मित्राकडे असेल तर तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त नको, कड सुटलेला ढोळ त्यात झडतो.

शेवटी स्पिरिट. डोकं आणि दांडी 70 टक्के स्पिरिटमध्ये दहा मिनिटं ठेवा आणि वाळू द्या. हे काम घाण निघाल्यावरच करायचं, साबणाच्या थराखाली स्पिरिट पोचत नाही. आजोबांचा रेझर पन्नास वर्षं ट्रंकेत होता, त्याची फारशी भीती नाही. पण बाजारातून परवा आणलेला असेल तर हा टप्पा गाळू नका, हिपॅटायटिस बीचा विषाणू पृष्ठभागावर आठवडाभर टिकू शकतो. ब्लीच मात्र वापरू नका, क्लोरीनने चांदी काळी पडते आणि पितळ खराब होतं.

आता पितळाचा प्रश्न. भीती कुठून येते ते मला माहीत आहे. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, हे आपण आजीकडून ऐकलेलं असतं. ते खरं आहे, पण तिथे आंबट पदार्थ तासन्‌तास धातूत मुरतो आणि मग पोटात जातो. इथे ओलं पितळ दोन-तीन मिनिटं गालाला लागतं आणि तुम्ही तोंड धुता. त्याने विषबाधा होत नाही. उलट ज्यांना घड्याळाच्या पट्ट्याने किंवा पँटच्या बटणाने खाज येते, त्यांना निकलची ॲलर्जी असू शकते, आणि अशा माणसाने हौसेने नवा निकल चढवून घेणं हा उलटा उद्योग होईल. तुम्हाला तसा त्रास आहे का, हे मला तुमच्या प्रश्नातून कळलं नाही. असेल तर निकल हा विषयच बंद. एक खबरदारी फक्त घ्या. जुन्या पितळेत शिसं असू शकतं, म्हणून कोरडं सँडपेपर मारून त्याची पूड नाकात घालवू नका.

एवढं झालं की ब्लेडची परीक्षा. नवं ब्लेड घाला, आवळा आणि डोकं समोरून डोळ्याच्या रेषेत धरा. दोन्ही बाजूंना धार सारखी डोकावली पाहिजे, आणि एकाच बाजूच्या दोन टोकांनाही सारखी. फरक दिसला तर ब्लेड उलटं करून पुन्हा बघा. फरक ब्लेडबरोबर सरकला तर दोष ब्लेडचा, जागेवर राहिला तर पट्टीचा किंवा टोपीचा. पट्टी काचेवर पालथी ठेवली की वाक आहे का ते कळतं. थोडा वाक असेल तर मी लाकडी ठोकळ्यावर अंगठ्याने सरळ करतो, पक्कड कधी लावत नाही. कंगव्यासारखे दाते असलेली पट्टी असेल तर दाते सरळ करताना फार जपा, पितळ पुन्हा पुन्हा वाकवलं की कडक होऊन तुटतं. तुमच्या फोटोत दाते दिसत नाहीत, तेव्हा हे वाचून सोडून द्या.

इथवर रेझर पास झाला तर तो वापरायला तयार आहे, ढोळ असो की नसो. यापुढचा निर्णय हौसेचा आहे.

हौस असेलच तर ऐका. एक म्हणजे, जॉबवर्क करणारी बहुतेक दुकानं किलोच्या भावाने काम करतात. नट-बोल्ट ड्रममध्ये फिरतात. तुमचा एक रेझर तिथे दिलात तर तो बोल्टांबरोबर फिरून ठेचकाळून येण्याची शक्यता भरपूर. रॅकवर टांगून करणारा शोधा, शक्यतो दागिने किंवा देवघरातली भांडी करणारा. त्याला सांगायचं ते असं: जुना थर केमिकलने किंवा उलटा करंट देऊन काढा, बफने नको. डोक्याच्या आतल्या बाजूला आणि पट्टीच्या कडेला बफ लावूच नका, दांडीवर फक्त मऊ कापडाचं चाक, जाळीच्या दिशेने. आट्यांवर लॅकर लावून झाका, नाहीतर थर चढून टोपी अर्ध्यातच अडकेल. जो माणूस हे ऐकून ‘हो हो, सगळं होईल’ म्हणेल त्याला देऊ नका. ‘खड्डे राहतील हां मग’ असं जो म्हणेल त्याला द्या, त्याला काम कळलंय.

कोणता थर? रोज वापरायचा तर निकल सगळ्यात चिवट. क्रोम आणखी कडक, पण तो खोलगट जागेत नीट पोचत नाही, आणि जुन्या सोनेरी वस्तूवर त्याची निळसर चमक मला परकी वाटते. चांदी सुंदर दिसते, काळी पडते, आणि मऊ असते. सोनं म्हणाल तर नुसता रंग देणारं पाणी वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तिथेच झिजेल जिथे आजोबांची बोटं लागत होती. जाड सोनं परवडेल का ते तुम्ही बघा. आणि व्हिडिओ बघून घरी व्हिनेगरमध्ये निकल चढवायचा विचार असेल तर सोडा. निकलचे क्षार कातडीला आणि फुप्फुसांना वाईट आहेत, आणि ते पाणी शेवटी आपल्याच गटारात जातं.

दांडी फिरवली की वरची दोन दारं उघडतात तशा रेझरबद्दलही काही जण विचारतात. त्याला ढोळ चढवायला देऊच नका. रिव्हेट काढल्याशिवाय तो सुटा होत नाही, आणि न सोडता केला तर बफचा मसाला नि नवा थर बिजागऱ्यांत बसून दारं आवळतात. साफ करा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या, बस.

रोजची निगा फार नाही. दाढी झाली की धुवा, झटका, हवेशीर उभा ठेवा. आठवड्यातून एकदा सुटा करून पुसा, पावसाळ्यात दोनदा. आट्यांना शिलाई मशीनचं तेल चालतं, खोबरेल नको. खोबरेल तेल जुनं झालं की त्यातली आम्लं पितळाशी जमवून तेच हिरवं पुन्हा तयार करतात जे तुम्ही आत्ता टूथपिकने काढणार आहात. उघड्या पितळेवर महिन्यातून एकदा फर्निचरचं मेण बोटाने लावून मऊ कापडाने पुसलं तर रंग लवकर मळत नाही. टोपी गच्च आवळायची सवय असेल तर सोडा, बोटांच्या दोन टोकांनी आवळली तेवढी पुरते.

आणि तुरटी. आपल्याकडे दाढीनंतर तुरटी फिरवतात आणि तो ओला खडा रेझरच्याच पेल्यात ठेवतात. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. पेल्याच्या तळाशी ते साचतं आणि दांडीचं टोक त्यात रात्रभर उभं राहतं. मी पाहिलेल्या जुन्या रेझरांत दांडीचं बूड सगळ्यात जास्त खाल्लेलं असतं, त्यातल्या बऱ्याच वेळा कारण हेच निघालं. तुमचाही तळ बघा. आजोबा तुरटी वापरायचे का, हे घरात कोणाला तरी आठवत असेल.

रेझर कधीचा हे विचारलंत, त्याचं अर्धंच उत्तर देता येईल. पट्टीच्या खाली एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा कोरलेला आहे का बघा. अमेरिकन जिलेटवर 1951 पासून अक्षर म्हणजे वर्ष आणि आकडा म्हणजे तिमाही. W म्हणजे 1951, Z म्हणजे 1954, मग पुन्हा A पासून 1955. इंग्लंडमध्ये बनलेला असेल तर ही यादी लावू नका.

राहिली ती मखमलीची डबी. ती सुंदर आहे, पण मखमल ओल धरून ठेवते आणि रेझरची खालची बाजू त्यात कायम दमट राहते. हिरवं साचलं ते आट्यांत आणि जास्त करून एकाच अंगाला, असं तुमच्या फोटोत दिसतं. मला वाटतं ते अंग डबीत खाली टेकलेलं होतं. डबी दोन दिवस उन्हात, तोंड उघडं ठेवून वाळवा, वेगळी ठेवा. पट्टी काचेवर ठेवून काढलेला एक फोटो आणि टोपीच्या वजनाचे दोन आकडे पाठवलेत तर वाक आहे की नाही आणि धातू कोणता, हे मी नक्की सांगू शकेन.